तीन आडव्या रेघा : महायुद्धानंतरची राजघराणी आणि वर्तमानपत्रे

डाकमुद्रा (धागाकर्ता) :

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत थोरल्या मामांचा तिकिटांचा अल्बम माळ्यावरून खाली आला. त्यात इजिप्तच्या पानावर राजा फारूकची बरीच तिकिटे आहेत आणि त्यांतल्या काहींवर राजाच्या चेहऱ्यावरूनच तीन जाड आडव्या रेघा छापलेल्या आहेत. लहानपणी मला तो छपाईतला दोष वाटत असे. १९५३ साली इजिप्त प्रजासत्ताक झाल्यावर टपाल खात्याने शिल्लक साठा टाकून न देता राजाचे तोंड खोडून तीच तिकिटे विकायला काढली, हे मला फार उशिरा कळले. रोमानियाच्या पानावर कोवळ्या वयाचा राजा मिहाय आहे आणि १९४८ च्या तिकिटांवर त्याच्या चित्रावरून नव्या लोकप्रजासत्ताकाची ‘आर. पी. आर.’ ही अक्षरे दामटलेली आहेत. बेल्जियमच्या पानावरच्या तिसऱ्या लिओपोल्डच्या चेहऱ्यावर मात्र कसलीच रेघ नाही, आणि तरीही या तिघांत सर्वांत चमत्कारिक रीतीने सिंहासन गमावले ते त्यानेच.

१९४५ ते १९६० या पंधरा वर्षांत राजघराण्यांविषयी वर्तमानपत्रांत जे छापून आले, त्याचे आपण सहसा दोन ढीग करतो. एक सिंहासने गेल्याचा आणि दुसरा लग्ने, घटस्फोट, बारशी यांचा. पहिला ढीग इतिहासाच्या पुस्तकात जातो, दुसरा रविवारच्या पुरवणीत. माझ्या मते ती एकच बातमी होती. युद्धात राजा कसा वागला याचा हिशेब लोकांनी पुष्कळदा त्याच्या घरातल्या गोष्टींवरून मांडला. आणि राजाच्या हातची सत्ता जसजशी आटत गेली, तसतसे त्याने कोणाशी लग्न केले यालाच राज्यकारभाराइतके वजन आले.

लिओपोल्डचेच उदाहरण घेऊ. १९३५ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधील क्युसनाख्तजवळ त्याची मोटार रस्ता सोडून घसरली. गाडी तो स्वतः चालवत होता. त्या अपघातात राणी आस्ट्रिड गेली. ती वयाच्या तिशीत पोचण्याआधी गेली, आणि बेल्जियममधल्या घराघरांत तिची तसबीर लागली. पुढे २८ मे १९४० रोजी लिओपोल्डने जर्मनीपुढे शरणागती पत्करली. मंत्रिमंडळ देशाबाहेर जाऊन लढा चालू ठेवणार होते आणि त्याने आपल्याबरोबर यावे असा मंत्र्यांचा आग्रह होता. पण आपण सैनिकांचे दैव वाटून घेऊ असे सांगून तो मागे राहिला आणि लाकेनच्या राजवाड्यात स्वतःला युद्धकैदी म्हणवू लागला. ही भूमिका लोकांना, निदान सुरुवातीला, पटली होती. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो बेर्ख्तेसगाडेनला जाऊन हिटलरला भेटला, ही गोष्ट फारशा लोकांच्या कानी गेली नाही.

जी गोष्ट प्रत्येकाच्या कानी गेली ती डिसेंबर १९४१ ची. कार्डिनल व्हान रोई यांचे पत्र एका रविवारी चर्चचर्चमधून वाचले गेले आणि राजाने लिलियान बाल्स या माजी मंत्र्याच्या मुलीशी लग्न केल्याचे प्रजेला समजले. धार्मिक विधी सप्टेंबरातच गुपचूप उरकला होता आणि नागरी नोंदणी नंतर झाली होती. बेल्जियमच्या कायद्यात क्रम नेमका उलटा आहे. त्या दिवशी चर्चच्या बाकांवर बसलेल्या एखाद्या बाईचा विचार करून पाहा. तिचा नवरा दीड वर्ष जर्मनीतल्या छावणीत कैदी आहे, आणि त्याचेच दैव वाटून घेणाऱ्या राजाने राजवाड्यात दुसरा संसार थाटला आहे. शरणागती योग्य होती की अयोग्य यावर लष्करी तज्ज्ञांनी वाद घालावा. पण कैद्याचे लग्न समजायला तज्ज्ञ लागत नाही.

युद्धानंतर त्याचा भाऊ शार्ल राजप्रतिनिधी म्हणून गादी सांभाळत होता आणि लिओपोल्ड स्वित्झर्लंडमध्ये थांबून होता. अखेर १२ मार्च १९५० रोजी सार्वमत झाले. ५५ टक्क्यांहून कमी मते पडली तर परत येणार नाही असे त्याने आधीच जाहीर केले होते, पडली ५७.६८ टक्के. २२ जुलैला तो परतला आणि लिएज, एनो या कोळसा-पोलादाच्या पट्ट्यात संप पेटला. ३० जुलैला लिएजजवळच्या ग्रास-बेर्लेर येथे पोलिसांच्या गोळ्यांनी चार माणसे मेली. दोनच दिवसांत त्याने अधिकार थोरला मुलगा बोदुआँ याच्याकडे सोपवायचे कबूल केले आणि पुढच्या वर्षी १६ जुलैला रीतसर राजत्याग केला. बहुमत जिंकून सिंहासन गमावलेला दुसरा राजा मला तरी आठवत नाही. इतर घराण्यांविषयी आपण काय वाचले आहे, ते येथे लिहावे.

उलटतपासणी :

लेख उत्तम आहे, पण मुख्य म्हणणे मला मान्य नाही. ५७.६८ हा आकडा फोडून पाहिला की बायकोवरून सिंहासन गेले हे स्पष्टीकरण अपुरे पडते. डच भाषक फ्लेमिश भागात राजाच्या बाजूने सुमारे ७२ टक्के मते पडली, फ्रेंच भाषक वॅलून भागात ४२ टक्के आणि ब्रसेल्समध्ये ४८ टक्के. लग्न तर सर्वांसाठी एकच होते, मग कौल इतका वेगळा का? फ्लेमिश खेड्यांत कॅथलिक चर्चची पकड होती आणि तिथला कॅथलिक पक्ष राजाच्या पाठीशी होता. वॅलून कामगार समाजवादी आणि कम्युनिस्ट संघटनांत होते. पॉल-आंरी स्पाकसारखा माजी पंतप्रधान राजाविरुद्धच्या मोर्चांच्या आघाडीवर होता. हा देशाच्या दोन भागांचा तंटा होता आणि राजा त्याचे निमित्त झाला.

इटलीत तर लग्नाचा संबंधच नाही. तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलने १९२२ मध्ये मुसोलिनीच्या हाती सरकार दिले, १९३८ मध्ये वंशभेदाच्या कायद्यांवर सही केली आणि सप्टेंबर १९४३ मध्ये जर्मन सैन्य येताना रोम सोडून पळ काढला. एवढे केल्यावर ९ मे १९४६ रोजी मुलाला, उंबेर्तोला, गादी देऊन घराणे वाचवण्याची त्याची धडपड सुरू झाली. २ जूनला सार्वमत झाले. प्रजासत्ताकाला १ कोटी २७ लाख आणि राजेशाहीला १ कोटी ७ लाख मते पडली. उंबेर्तो महिनाभराचा राजा ठरला आणि इटालियन लोकांनी त्याचे नाव ‘मे महिन्याचा राजा’ असे पाडले. यात रविवारच्या पुरवणीचा मजकूर कुठे आहे?

डाकमुद्रा :

इटलीबद्दल आपले म्हणणे मी मान्य करतो. ते उदाहरण माझ्या मांडणीत बसत नाही. बेल्जियमबद्दल मात्र पूर्ण माघार घेणार नाही. लग्न सर्वांसाठी एकच होते हे खरे, पण ते सर्वांना सारखेच लागले नाही. जर्मनांनी फ्लेमिश युद्धकैद्यांपैकी बहुतेकांना लवकर घरी सोडले आणि वॅलून कैद्यांना युद्ध संपेपर्यंत डांबून ठेवले. म्हणजे ज्या घरांत नवरा पाच वर्षे परतला नाही ती घरे मुख्यतः वॅलून भागातली होती, आणि राजाच्या दुसऱ्या लग्नाची बातमी नेमकी त्या घरांत झोंबली. भाषा, पक्ष आणि चर्च हे सगळे आपण म्हणता तसे होतेच. पण भिंतीवर रंगवलेल्या घोषणा आणि सभांतली टवाळी त्या लग्नाभोवती फिरत होती.

रोजनिशी :

माझी आजी १९४७ चे एक मराठी मासिक कापडात गुंडाळून जपत असे, कारण त्यात ब्रिटनची राजकन्या एलिझाबेथ हिच्या लग्नाची छायाचित्रे होती. घरातले स्वातंत्र्यसैनिक आजोबा त्यावर कुरकुर करत आणि आजी ते मासिक पुन्हा पेटीच्या तळाशी सारत असे.

२० नोव्हेंबर १९४७ चे ते लग्न पाहताना त्या वेळचा ब्रिटन डोळ्यांपुढे आणावा लागतो. युद्ध जिंकून दोन वर्षे झाली होती, तरी कापड रेशनवर होते. वधूच्या पोशाखासाठी कूपन लागणार हे कळल्यावर देशभरातील बायकांनी स्वतःची कूपने राजवाड्याकडे धाडली, आणि ती दुसऱ्याच्या नावे वापरणे बेकायदा असल्यामुळे परत पाठवावी लागली. पोशाखावर मात्र दहा हजार मोती शिवले होते. टंचाईत इतका थाट शोभतो का, असा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला होता. वराच्या, म्हणजे फिलिपच्या, सख्ख्या बहिणींना बोलावणे नव्हते, कारण त्यांची लग्ने जर्मन सरदार घराण्यांत झाली होती. म्हणजे युद्धाचा हिशेब इथेही निमंत्रणपत्रिकेच्या यादीत मांडला गेलाच. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताचे विणलेले वस्त्र माउंटबॅटन यांच्या हस्ते भेट म्हणून पाठवले होते. भेटवस्तूंच्या प्रदर्शनात ते पाहून वृद्ध राणी मेरी यांना ती गांधीजींची पंचा-लंगोटीच वाटली आणि त्या संतापल्या, अशी हकिगत माउंटबॅटन कुटुंबाकडूनच आलेली आहे.

धागाकर्त्यांच्या अल्बममधला मिहायही त्या लग्नाला हजर होता. कम्युनिस्टांच्या वर्चस्वाखालच्या पूर्व युरोपात एवढाच एक मुकुट शिल्लक राहिला होता. लंडनमध्येच त्याची ॲन या बूर्बों-पार्मा घराण्यातील राजकन्येशी गाठ पडली आणि लग्न ठरले. परत जाऊ नकोस असे सांगणारे पुष्कळ होते, पण तो डिसेंबरात बुखारेस्टला गेला आणि ३० डिसेंबरला पंतप्रधान पेत्रु ग्रोझा आणि कम्युनिस्ट पुढारी गेओर्गिउ-देज यांनी त्याच्यासमोर राजत्यागाचा कागद ठेवला. सही केली नाही तर अटकेतल्या विद्यार्थ्यांना गोळ्या घालू, अशी धमकी होती असे त्याने पुढे सांगितले. वय २६. लग्न पुढच्या वर्षी अथेन्समध्ये झाले. त्याची दीड महिन्याच्या अंतराने काढलेली ही दोन छायाचित्रे, एक वेस्टमिन्स्टरमधले आणि एक देश सोडतानाचे, शेजारी ठेवली तर धागाकर्त्यांचे दोन ढीग खरोखरच एक होतात.

पाणथळ :

मी वीसेक वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो. येथील प्रकरण यासाठी सांगतो की त्यात बातमी असूनही वर्तमानपत्रे गप्प होती.

१९४७ मध्ये येथील राजकन्या युलियानाला चौथी मुलगी झाली. गरोदरपणात झालेल्या गोवरासारख्या आजारामुळे, म्हणजे रुबेलामुळे, बाळाची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. दुसऱ्या वर्षी ग्रेट हॉफमान्स नावाची, प्रार्थनेने आजार बरे करते अशी ख्याती असलेली बाई राजवाड्यात आणली गेली, आणि तिला आणणारा दुसरा कोणी नसून राणीचा नवरा बर्नहार्ड होता. मुलीच्या डोळ्यांना गुण आला नाही, पण १९४८ मध्ये राणी झालेल्या युलियानावर त्या बाईच्या शांततावादी विचारांचा पगडा बसला. शीतयुद्ध तापलेले, देश नाटोचा सभासद आणि राणीच्या भाषणांत निःशस्त्रीकरणाचे सूर. त्यामुळे मंत्री हैराण झाले आणि राजवाड्यात नवऱ्याचा एक गट आणि बायकोचा दुसरा अशी फाळणी झाली.

जून १९५६ मध्ये ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाने हे सगळे छापले. येथील संपादकांना यातले बरेच ठाऊक होते, पण सरकारच्या शब्दाला मान देऊन कोणीही अवाक्षर काढले नाही. परदेशी पत्रे ओरडत असताना स्वतःच्या राणीची बातमी डच माणसाला शेजाऱ्याच्या घरून समजली. मग माजी पंतप्रधान बेल यांच्या अध्यक्षतेखाली तीन वडीलधाऱ्यांची समिती नेमली गेली, हॉफमान्सबाईंचे राजवाड्याशी संबंध तोडले गेले, आणि अहवाल कपाटात गेला तो थेट २००८ मध्ये बाहेर आला. त्या साप्ताहिकाला माहिती पुरवली होती ती खुद्द बर्नहार्डने. हे त्याने आपल्या मृत्यूनंतरच प्रसिद्ध करण्याच्या अटीवर दिलेल्या मुलाखतीत कबूल केले.

येथील एका वृद्ध शेजारीणबाईंना मी एकदा याविषयी विचारले होते. त्या म्हणाल्या, “आम्हाला सगळे माहीत होते, फक्त वाचायला मिळत नव्हते.”

उलटतपासणी :

पाणथळ यांच्या प्रतिसादाने माझी बाजू थोडी लंगडी पडली हे कबूल करतो. राजकारण आणि नवराबायकोचे भांडण इतके एकात एक गुंतलेले मी दुसरीकडे वाचलेले नाही. लंडनच्या पत्रांचे एलिझाबेथची धाकटी बहीण मार्गारेट हिच्या बाबतीत काही काळ असेच झाले होते. जून १९५३ च्या राज्याभिषेकाच्या दिवशी तिने राजवाड्यातील वायुदल अधिकारी पीटर टाउनसेंडच्या गणवेशावरचा धागा सहज हाताने झटकला, तो वार्ताहरांनी टिपला आणि परदेशी पत्रांनी आधी छापला. टाउनसेंड घटस्फोटित असल्यामुळे त्याची रवानगी ब्रसेल्सच्या दूतावासात झाली. लग्न करणार नसल्याचे तिचे निवेदन ऑक्टोबर १९५५ च्या अखेरीस आले. राजघराण्यातील लग्नाला राजाची संमती लागेल असे सांगणारा १७७२ चा विवाह कायदा एका झटकलेल्या धाग्यामुळे सगळ्या जगाला पाठ झाला.

शिशिर :

जपानचा उल्लेख अजून आला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण तेथे राजघराणे वाचवण्याचे काम छायाचित्रांनीच केले, असे म्हणायला जागा आहे.

पहिले छायाचित्र २७ सप्टेंबर १९४५ चे. अमेरिकन दूतावासात जनरल मॅकआर्थर कमरेवर हात ठेवून, गळ्याला टाय नसलेल्या साध्या गणवेशात, ऐसपैस उभा आहे आणि त्याच्या शेजारी औपचारिक काळ्या पोशाखात सम्राट हिरोहितो ताठ उभा आहे. उंचीतला फरक लपण्यासारखा नाही. जपानच्या गृहखात्याने ते छापलेली वर्तमानपत्रे रोखण्याचा प्रयत्न केला, आणि अमेरिकन सैन्याने ती बंदी उठवायला लावली. ज्याच्या तसबिरीपुढे शाळेतली मुले मान खाली घालत, तो माणूस लोकांनी त्या दिवशी दुसऱ्या एका माणसाशेजारी पाहिला. १ जानेवारी १९४६ च्या घोषणापत्रात सम्राटाने आपण देव असल्याची कल्पना खोटी असल्याचे सांगितले, पण ते लांबलचक गद्य किती जणांनी वाचले असेल? ऑक्टोबर १९४७ मध्ये ११ उपशाखांतील ५१ जणांचा राजदर्जा गेला आणि घराणे एकदम लहान झाले.

दुसरे छायाचित्र टेनिसच्या मैदानाचे आहे. १९५७ च्या ऑगस्टमध्ये कारुइझावा या थंड हवेच्या गावी युवराज अकिहितोची मिचिको शोदा हिच्याशी दुहेरी सामन्यात गाठ पडली आणि तो हरला. ती पिठाच्या गिरण्यांच्या मोठ्या कंपनीच्या अध्यक्षाची मुलगी. श्रीमंत खरी, पण सरदार घराण्यातली नव्हे. राजवाड्यातल्या जुन्या मंडळींची नाराजी होती, तरी साप्ताहिकांनी तिचे केशबंध आणि मैदानावरचा पोशाख छापून देशभर लाट उसळवली. १० एप्रिल १९५९ ला लग्नाची घोडागाडी निघाली, त्या सुमारास दूरदर्शन संचांची नोंदणी वीस लाखांपलीकडे गेली होती. वाटेत एका तरुणाने दगड मारून गाडीवर चढण्याचा प्रयत्न केला, तेही लोकांनी घरबसल्या पाहिले.

विश्वामित्रीकाठ :

आम्हा बडोद्याच्या मराठी मंडळींना या विषयासाठी युरोपात जावे लागत नाही, किंवा असे म्हणू की आमचेच महाराज युरोपात गेले.

सयाजीरावांचे नातू प्रतापसिंहराव १९३९ मध्ये गादीवर आले. १९४३ मध्ये मद्रासच्या घोड्यांच्या शर्यतींत त्यांची पीठापुरमच्या राजकन्या सीतादेवी यांच्याशी ओळख झाली. दोघेही विवाहित होते. सीतादेवींनी धर्मांतर करून आधीचा विवाह मोडला, पुन्हा हिंदू झाल्या आणि वर्ष संपण्याच्या आत लग्न लागले. ज्या बडोद्यात प्रजेला दुसरी बायको करायला कायद्याने बंदी होती त्याच बडोद्यात हे घडले, आणि महाराजांना कायदा लागू होत नाही असा निर्वाळा मिळाला. माझ्या आजोळी याविषयी बोलताना आवाज अजून खाली येतो.

युद्ध संपल्यावर इंग्लंडच्या पत्रांत बडोद्याचे नाव घोड्यांमुळे गाजले. १९४५ मध्ये २८,००० गिनी मोजून घेतलेल्या एका वर्षाच्या शिंगराने १९४७ ची सेंट लेजर शर्यत जिंकली, आणि त्या घोड्याचे नाव होते ‘सयाजीराव’. ज्या राजाने सक्तीचे मोफत शिक्षण आणले, गावोगाव ग्रंथालये काढली, त्याच्या नावाने शर्यतीच्या मैदानावर लोक पैसे लावत होते. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. तनखा साडेसव्वीस लाखांचा ठरला. खजिन्यातून गेलेल्या रकमा आणि जडजवाहीर यांची चौकशी, शिवाय महाराजांनी विलीनीकरणालाच आव्हान देण्याच्या केलेल्या हालचाली, यांमुळे भारत सरकारने १९५१ मध्ये त्यांची मान्यता काढून घेतली आणि थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गादीवर आले.

सीतादेवी तोवर मोनॅकोत स्थिरावल्या होत्या. त्यांनी पायातल्या तोड्यांतील पाचू आणि हिरे न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांना विकले. त्यांचा हार झाला आणि तो विंडसरच्या डचेसने, म्हणजे राजत्याग केलेल्या आठव्या एडवर्डच्या पत्नीने, घेतला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका समारंभात डचेसचा हार पाहून, हे पायातही इतकेच शोभत होते, अशा अर्थाचे काही सीतादेवी बोलल्या आणि हार दुकानात परत गेला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. एकीच्या लग्नापायी ब्रिटनच्या राजाने गादी सोडली होती आणि दुसरीच्या लग्नापासून बडोद्याची उतरण सुरू झाली होती, हे लक्षात घेऊन तो प्रसंग वाचावा.

हुकुमाचे पान :

धाग्याची सुरुवात फारूकपासून झाली आणि त्यालाच सगळे विसरले. लवकरच जगात पाचच राजे उरतील, एक इंग्लंडचा आणि बाकीचे इस्पिक, किलवर, बदाम आणि चौकट यांचे, हे वाक्य त्याच्या नावावर सांगितले जाते. तो पत्त्यांचा शौकीन होता, त्यामुळे ते त्याला शोभतेही.

याहून मौजेची गोष्ट अशी की त्याच्या आधी गादी गेलेले राजे त्याच्याच आश्रयाला आले होते. इटलीचा व्हिक्टर इमॅन्युएल अलेक्झांड्रियात राहिला आणि १९४७ च्या डिसेंबरात तिथेच वारला. बल्गेरियाचा नऊ वर्षांचा राजा सिमेऑन १९४६ च्या सार्वमतानंतर आईबरोबर तिथेच आला आणि तिथल्या इंग्रजी शाळेत शिकला. अल्बानियाचा झोगही इजिप्तमध्येच होता. २६ जुलै १९५२ रोजी त्याच अलेक्झांड्रियाच्या धक्क्यावरून ‘महरूसा’ नौकेत बसून यजमान निघून गेला आणि पाहुण्यांपैकी झोग मागे राहिला.

डाकमुद्रा :

आपल्या प्रतिसादानंतर अल्बम पुन्हा काढला आणि भिंग घेऊन बसलो. रेघांच्या तिकिटांपैकी एकावर, रेघांखेरीज, अरबीतली आणखी एक लहान ओळ वरून छापलेली आहे. ओळखीच्या एका अरबी शिक्षकांकडून ती वाचून घेतली. ‘इजिप्त आणि सुदानचा राजा’ असा मजकूर असून खाली १६ ऑक्टोबर १९५१ ही तारीख आहे. त्या महिन्यात इजिप्तने ब्रिटनशी असलेला करार मोडून फारूकला सुदानचाही राजा घोषित केले होते. म्हणजे नवी पदवी उमटवायला हे तिकीट एकदा छापखान्यात गेले आणि वर्ष-दीड वर्षात चेहरा खोडायला पुन्हा गेले. रेघा छापताना पदवीची ओळ तशीच राहून गेली आहे. मामांनी त्या तिकिटाखाली पेन्सिलीने फक्त किंमत लिहिली आहे, दोन आणे.